जांभळी पडत नाही

साल दोन हजार तीन. त्या सालात सुईकाकूंचा एक दावा होता आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फुकट ऐकायला मिळायचा.

"ज्याला अंग आहे त्याला मी कपडा शिवेन! अंग कसंही असू दे!"

दावा अगदीच पोकळ नव्हता. एक खांदा वर नि एक खाली असलेल्या पोस्टमनला त्यांनी असा शर्ट शिवला होता, की तो सरळ दिसायला लागला आणि त्याची बायको म्हणाली, हा माझा नवरा नव्हेच! कुठल्याशा प्रदर्शनासाठी भुसा भरलेल्या अस्वलालाही त्यांनी जाकीट शिवलं होतं. अस्वल तक्रार करत नाही, हे मान्य. पण काखेत कापड ओढत नव्हतं, हेही मान्य करायला हवं!

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. दाराशी रुंद आणि आत जावं तशी निमुळती, थेट बाहीच. खिडकीजवळ शिलाई मशीन, मध्ये बेतायचं टेबल आणि पार मनगटाशी, इस्त्रीच्या शेजारी, कंप्युटर. घरात जागा नव्हती म्हणून तो तिथे. त्याला सुईकाकूंनी झालरीचं झाकण शिवलं होतं, कीबोर्डला अस्तर लावलेली गवसणी शिवली होती आणि माउसला एक छोटी टोपी. माउस ती टोपी घालून असा बसायचा, की जणू पाहुणा निघालाय आणि कुणी दारापर्यंत सोडायला येईना!

कंप्युटर धाकटीचा. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. धाकटी कॉलेजात जायची आणि उरलेल्या वेळात 'मॉड' बनवायची. मॉड म्हणजे काय, हे सुईकाकूंनी एकदाच विचारलं.

"आई, समज एक तयार कपडा आणला. तो उसवायचा, आपल्या मनासारखा परत शिवायचा आणि लोकांना वाटून टाकायचा."

"पैसे किती घेतेस?"

"काही नाही. फुकट."

"फुकट शिवतेस? मग उसवताना तरी सांभाळ. मूळ कापड फाटता कामा नये."

एवढ्यावर मायलेकींचं एकमत झालं.

तो तयार कपडा म्हणजे एक परदेशी गेम होता. त्यात एक मोठं शहर आणि अचाट ताकदीची, उडणारी, भिंती फोडणारी माणसं. धाकटी आणि कधीही न भेटलेले तिचे देशोदेशीचे मित्र मिळून त्यात स्वतःची नायिका घालत होते. तिचं नाव सुसाट. वाऱ्याच्या पुढे धावायची. तिच्याशी लढायला खलनायक होता काळोख्या. लांब काळा कोट, हातात दांडा आणि रस्त्याने चालता चालता मनोरे पाडायचा छंद.

काळोख्याला आवाज हवा होता. घरात पुरुषाचा आवाज एकच, बाबांचा. बाबा ग्रंथपाल. सगळं आयुष्य "शांतता राखा"च्या पाटीखाली गेलेलं. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते कुजबुजले होते, असं सुईकाकू सांगायच्या.

"बाबा, तुमच्या वाटेत लोक आलेत. त्यांना धमकी द्या."

बाबांनी चष्मा पुसला. "कितीजण आहेत?"

"सगळं शहर!"

"मग आपणच दुसऱ्या रस्त्याने गेलं तर?"

"बाबा!"

बाबांनी घसा साफ केला, माइककडे पाहून किंचित वाकले आणि म्हणाले, "जरा बाजूला व्हाल का?"

"राग आणा ना थोडा!"

"जरा बाजूला व्हाल का, प्लीज?"

"हे काय?"

"राग आला की मी प्लीज म्हणतो," बाबांनी खुलासा केला.

शेवटी धाकटीने ते पहिलंच वाक्य घेतलं, 'प्लीज' नसलेलं, आणि कंप्युटरवर संथ नि जाड केलं. विहिरीच्या तळातून एखादा सभ्य राक्षस बोलावा तसं ते ऐकू यायला लागलं. "जरा... बाजूला... व्हाल का?" आणि मग धडाम्! मनोरा खाली. ऐकून सुईकाकूंच्या हातातली कात्री गळून पडली, तेव्हा कुठे धाकटीचं समाधान झालं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मालकीणबाई आल्या.

मालकीणबाई म्हणजे इमारतीच्या मालकीण. एकट्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. उंची बेताची, घेर बेताबाहेरचा, मान ताठ, डोक्यावर मोठा अंबाडा आणि हातात मिटलेली छत्री. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री हवीच. चालायच्या तेव्हा पाठीमागून असं वाटायचं, की एखादं कपाट स्वतःहून दुसऱ्या खोलीत निघालंय!

"सुई," त्या दारातूनच म्हणाल्या, "साठावा वाढदिवस येतोय माझा. कोट हवा. जांभळा, मखमली, घोट्यापर्यंत. कॉलर अशी उभी, की मागून मान दिसता कामा नये."

"झकास होईल! ट्रायलला कधी येता?"

"ट्रायल बियल नाही. आरशासमोर उभी राहून टाचण्या टोचून घ्यायची हौस फिटली माझी. माप तुझ्या डोक्यात आहे ना?"

"आहे, पण मखमल..."

"मग झालं तर." त्या वळल्या आणि वळता वळता सहज म्हणाल्या, "आणि हो. दुकानाचा करार संपतोय तुझा. तो मोबाइलवाला जागा मागतोय. वाढदिवसानंतर बघू."

मालकीणबाईंचं 'बघू' साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्या एकदा 'बघू' म्हणाल्या, तर डॉक्टरांचेच दात दुखायला लागले! सुईकाकू मशीनपाशी बसून राहिल्या. ह्याच खिडकीशी बसून त्यांनी दोन पोरी वाढवल्या होत्या. ही खोली गेली तर दुसरीकडे जाऊन पाटी लावायची, गिऱ्हाइकं पुन्हा गोळा करायची, हे आता ह्या वयात कुठे? कोट मनासारखा झाला, तर खोली राहणार. बिघडला, तर खिडकीत मोबाइल लटकणार.

आणि मखमल हे मोठं मानी कापड. एकदा कात्री लागली की लागली. चुकून उसवावं लागलं, तर टाक्यांच्या खुणा जन्मभर मिरवतं. अंगावर न घालता ते बेतायचं कसं?

तेवढ्यात त्यांची नजर बाहीच्या टोकाकडे गेली. धाकटीने पडद्यावर काळोख्या उघडला होता. उघडला म्हणजे अक्षरशः उलगडला होता! पाठ एकीकडे, पुढचा भाग दुसरीकडे, बाह्या बाजूला पसरलेल्या.

"अगं, हे तर बेतलेलं कापड!" सुईकाकू ओरडल्या. "ही पाठ, हा पुढा, हा मुंढा... आणि अगं बाई, मेल्याचं तोंडही सोलून ठेवलंय!"

"आई, हे असं सपाट रंगवायचं. मग कंप्युटर ते अंगावर चढवतो."

सुईकाकूंनी टेप गळ्यात अडकवली. युद्धाला निघाल्यासारखी. "सरक. मला मालकीणबाईंचा कोट ह्याच्या अंगावर चढवून दाखव. मला तो पाठीमागून बघायचाय."

"अगं, हा खलनायक आहे. सुसाटला घालू हवं तर."

"मग तिला घाल."

"पण तिचा कपडा हलत नाही. अंगावर नुसता रंगवलेला असतो. कोट फडफडायची सोय ह्या गेममध्ये फक्त खलनायकाला आहे."

"नुसता रंगवलेला?" सुईकाकूंनी सुसाटकडे नीट पाहिलं आणि पदर सारखा केला, स्वतःचाच. "राहू दे. खलनायक चालेल."

पण काळोख्या पडला वेताची काठी. त्याच्यावर कोट बघून काय कळणार? मग सुईकाकूंनी त्याचं अंग भरायला घेतलं. अंग म्हणजे ठिपक्यांची जाळी. ठिपका धरून ओढला की तिथे माणूस फुगायचा. सुरुवातीला त्यांनी माउस इस्त्रीसारखा दाबून फिरवला. काळोख्याच्या पोटाला अशी घडी पडली, की धाकटीला रडू आलं. पण दुपारभर बसल्यावर हात बसला. मग माउस धाकटीकडे देऊन त्या पडद्याच्या काचेवर टेप लावून मापं घ्यायला लागल्या. "कंबर अजून. अजून. अगं, लाजतेस काय, त्या कुठे लाजतात!"

आणि सगळीकडून माया सोडली. शिवणीत आत दाबायला जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिवणाऱ्यांत माया म्हणतात. पुढे अंग वाढलं, तर ती उपयोगी पडते. मालकीणबाईंना केक आवडायचा. वाढदिवसापर्यंत कोण जाणे, म्हणून सुईकाकूंनी कंजूषपणा केला नाही. ती माया कागदावरच्या बेतात असते, अंगावर नसते, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. कोटाबरोबर मालकीणबाईसुद्धा चारी बाजूंनी बोटभर जास्तीच्या झाल्या!

शेवटी अंबाडा. "त्याशिवाय कॉलरची उंची कशी कळणार?" काळोख्याच्या टकलावर अंबाडा चढला. चेहऱ्यावर त्याचा काळा मुखवटा होता, तो तसाच राहिला. हातातला दांडा लांबून थेट छत्रीसारखा दिसत होता.

धाकटीने एक कळ दाबली. आणि पडद्यावर मालकीणबाई पाठमोऱ्या चालायला लागल्या! जांभळा कोट घोट्यावर झुलतोय, कॉलर ताठ, पाठीवर एक सुरकुती नाही. सुईकाकूंचे डोळे भरून आले. "बघ, कसा पडलाय! बघ गं, कसा पडलाय!"

"बघितला. आता काढूया, मला काळोख्या परत हवाय," म्हणून धाकटी चहा ठेवायला गेली.

नेमकं तेव्हाच कंप्युटरने काहीतरी विचारलं. इंग्रजीत. दोन चौकोन होते आणि त्यातल्या एकावर 'हो' आहे, एवढं सुईकाकूंना कळत होतं. जन्मभर गिऱ्हाइकाने काहीही विचारलं, तरी त्या हो म्हणत आल्या होत्या. उद्या मिळेल का? हो. दोन पोरांचं एका कापडात बसेल का? हो. इथेही त्यांनी हो म्हटलं, माउसला टोपी घातली आणि मखमल बेतायला बसल्या.

कंप्युटरने विचारलं होतं, जुना काळोख्या काढून त्या जागी ही बाई कायमची ठेवू का?

धाकटीला ह्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. तिने घाईघाईत सगळं गाठोडं न उघडता इंटरनेटवर ठेवून दिलं आणि अभ्यासाला बसली.

परीक्षा संपवून तिने कंप्युटर उघडला, तर पत्रांचा पाऊस! कधी न ऐकलेल्या गावांहून लोकांनी लिहिलं होतं. खलनायिका अप्रतिम. असा कोट आजवर कुठल्याच गेममध्ये फडकला नाही. आणि मग प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न, हिला मारायचं कसं?

"खलनायिका?" धाकटी म्हणाली आणि तिने गेम लावला.

तिची किंकाळी ऐकून सुईकाकूंनी सुई बोटात घुसवून घेतली.

"आई! तू हो म्हणालीस?"

"म्हणाले. का?"

"अगं, मालकीणबाई जगभर गेल्या!"

सुईकाकूंनी वाकून पाहिलं. सुसाट वाऱ्यासारखी येत होती आणि मालकीणबाईंच्या कमरेवर दणादण ठोसे मारत होती. मालकीणबाई ढिम्म. उलट त्या छत्री उचलून बाबांच्या आवाजात म्हणाल्या, "जरा... बाजूला... व्हाल का?" आणि एक मनोरा खाली.

"पण त्यांना लागत कसं नाही गं?" सुईकाकूंनी आशेने विचारलं.

"तुझ्या मायेमुळे! गेममध्ये दोन अंगं असतात, एक दिसणारं, एक मार लागणारं. तू दिसणारं वाढवलंस. मार लागणारा काळोख्या आत तसाच आहे, काठीसारखा. सगळे ठोसे बाहेरच्या बाहेर, हवेत!"

"म्हणजे अस्तर आत सुखरूप," सुईकाकू म्हणाल्या आणि धाकटीचा चेहरा पाहून टेप गुंडाळायला लागल्या.

मॉड परत घ्यावा, तर तो कधीच शेकडो ठिकाणी पोचला होता. त्यातलं एक ठिकाण तर थेट समोरच! रस्त्यापलीकडच्या सायबर कॅफेत. मायलेकी धावत गेल्या. आत पोरांची ही गर्दी! मधल्या कंप्युटरवर तारवाली बसली होती. शाळेतली मुलगी, दातांना तारा लावलेल्या, आणि गेममध्ये साऱ्या गल्लीची उस्ताद. ती दातओठ खाऊन मारत होती, म्हणजे तारांना परवडेल तेवढे.

"जांभळी पडतच नाही, काकू! पोटावर मारलं, पाठीवर मारलं, सगळं फुकट!"

"कमरेला जरा जास्तच सोडली मी," सुईकाकू पुटपुटल्या.

धाकटीने कॅफेवाल्याला हात जोडले. "दादा, हा गेम काढून टाका."

"काढू? वेडी आहेस का? एरवी ही पोरं चटकन जिंकतात नि घरी जातात. ह्या बाईमुळे हलायला तयार नाहीत! मी तर तिचा फोटो दारावर लावणार होतो."

"लावू नका!" मायलेकी एकदम ओरडल्या.

आता एकच उपाय उरला. खेळातली बाई बदलत नसेल, तर बाहेरची बदलायची. सुईकाकू जिना चढून वर गेल्या.

"मालकीणबाई, कोटाला हिरवी किनार लावू का? वय कमी दिसतं."

"नको."

"कॉलर झोपवून टाकते. हल्ली झोपलेली कॉलर..."

"सुई, कॉलर उभी सांगितली ना? मग उभी."

"अंबाड्याऐवजी वेणी घातली तर?"

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कोट शिवतेयस की मला?"

सुईकाकू मुकाट्याने खाली आल्या. कोट झाला. इतका देखणा कोट त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता, आणि तो बिघडावा म्हणून इतकी प्रार्थनाही कधी केली नव्हती!

वाढदिवसाच्या दुपारी मालकीणबाई कोट घालून रस्त्यावर उतरल्या. सुईकाकू दाराआडून बघत होत्या. कोट घोट्यावर झुलत होता, पाठीवर एक सुरकुती नव्हती.

पहिलं पोर समोरून आलं, थबकलं आणि भिंतीला चिकटलं. दुसऱ्याने तोंडातलं च्युइंगगम गिळलं. मग कॅफेच्या दारातून पोरांचा घोळका बाहेर आला आणि एका सुरात, जाड आवाजात म्हणाला, "जरा... बाजूला... व्हाल का?" आणि सगळी पोरं धडाधड रस्त्यावर आडवी! त्यांत एक मनोरा झालेला, एक पूल आणि एक नुसताच हौसेने पडलेला.

मालकीणबाई थांबल्या. छत्रीच्या टोकाने त्यांनी मनोऱ्याला ढोसलं. "काय चाललंय हे?"

मनोरा म्हणजे तारवालीच होती. "आजी, तुम्ही आत कॅफेत आहात ना!"

"आजी कोण?" मालकीणबाई कडाडल्या. "आणि मी इथे आहे."

"तिथे पण आहात. कितीतरी दिवसांपासून आम्ही तुम्हाला मारतोय."

मालकीणबाईंनी कॅफेकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "थांबा सगळे. चष्मा घेऊन येते."

त्या जिना चढायला लागेपर्यंत सुईकाकू दाराआडून हलल्या नाहीत. मग त्यांनी धाकटीला ढकललं. "जा! काहीतरी कर!"

"काय करू? पुसायला वेळ नाही!"

"मग लवकर संपव! त्या बघायच्या आत खेळ संपला पाहिजे!"

धाकटी कॅफेत शिरली, तारवालीच्या कंप्युटरवर बसली आणि बोटं चालवायला लागली. आतलं अंग तिने बाहेरच्या अंगाएवढं केलं. माया संपली. आता जिथे मारू तिथे लागणार. "मार!" ती तारवालीला म्हणाली. "पटकन मारून टाक नि बंद कर!"

पण मालकीणबाई त्या दिवशी जिना कधी नव्हे इतक्या वेगाने उतरल्या. तारवालीने लाथ उगारली, आणि त्याच क्षणी तिच्या खुर्चीमागे मखमल सळसळली.

एकच लाथ. पडद्यावरच्या मालकीणबाई धान्याच्या पोत्यासारख्या कोसळल्या. कोट चारी बाजूंनी पसरला, अंबाडा कलला, छत्री घरंगळत गटारात गेली.

सुईकाकूंनी मनातल्या मनात दुकानाची पाटी उतरवली, मशीन गाडीवर चढवलं आणि खिडकीत लटकलेले मोबाइलही पाहिले.

मालकीणबाईंनी चष्मा नाकावर सारखा केला. "हा कोट माझा."

"हो," सुईकाकू म्हणाल्या. आयुष्यभराची सवय.

"अंबाडा माझा. ही पाठ माझी."

"हो. ट्रायल नव्हती ना, म्हणून... मखमल होती, मालकीणबाई, चुकली असती तर... माझ्याच हातून झालं. पोरीचा काही दोष नाही."

मालकीणबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. "आणि मी एका लाथेत पडले?"

"नाही हो!" तारवाली खुर्चीवरून उठली. तिला आपला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. "काल पडत नव्हतात! कुणाकडूनच नाही! आत्ता ह्या ताई आल्या, त्यांनी काहीतरी केलं आणि तुम्ही पडलात! हा चीटिंगचा डाव आहे!"

"कुणाकडूनच म्हणजे?"

"आख्ख्या जगात!" कॅफेवाला मध्ये पडला. "इंटरनेटवर लोक रडतायत बाई. म्हणतात, ह्या बाईला हरवणारा अजून जन्मायचाय."

मालकीणबाई हळूहळू धाकटीकडे वळल्या. "मग तू मला कुणाला विचारून पाडलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल... तुम्ही खलनायिका आहात, लोक मारतात..."

"मारू देत ना! मारायला काय जातंय त्यांचं!" मालकीणबाईंनी छत्री जमिनीवर आपटली. "ह्या गल्लीत मला बघून लोक नमस्कार करतात आणि पाठ वळली की नाकं मुरडतात. मला काय ठाऊक नाही? निदान हे तोंडावर मारायला येतात आणि हरून जातात! होती तशी कर मला. इथे, माझ्यासमोर."

धाकटीने माया परत सोडली. तारवाली बसली आणि जीव तोडून मारायला लागली. ठोसे, लाथा, उड्या! मालकीणबाई पडद्यावर ढिम्म, आणि पडद्याबाहेर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे त्या इमारतीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. हसूच ते!

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सरक गं. मला बसू दे."

धाकटीने सुसाटऐवजी जांभळीच त्यांच्या हाती दिली. त्यांनी पाडलेला पहिला मनोरा दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासारखा दिसत होता, असं पुढे सगळ्यांनी सांगितलं. दर वेळी त्या बाबांच्या आवाजाबरोबर स्वतःही पुटपुटायच्या, "जरा बाजूला व्हाल का?" त्या दिवशी केक कॅफेतच कापला गेला.

संध्याकाळी त्या दुकानाच्या दारात आल्या. सुईकाकू उभ्या राहिल्या.

"मोबाइलवाल्याला कळवलंय, जागा नाही म्हणून. पण सुई, कोट सैल होतोय. चारी बाजूंनी. काय केलंस काय?"

"माया जरा जास्त राहिलीय. काढते."

"कोटातली काढ." मालकीणबाई जायला वळल्या. "तिथली राहू दे."

त्या साली त्या गल्लीत घडलं ते एवढं. पुढे जो तो आपल्या वाटेने गेला.

कॅफेवाल्याचा धंदा काही वर्षांत बसला. घरोघरी इंटरनेट आलं. त्याने जागा सोडली आणि ती कुणी घेतली असेल? त्याच मोबाइलवाल्याने! पण मालकीणबाईंच्या रस्त्यात येऊ नये म्हणून पाटी मात्र त्याने जरा लहानच लावली.

तारवालीच्या तारा निघाल्या आणि ती स्वतःच दातांची डॉक्टर झाली. तिसऱ्या मजल्यावरचा दवाखाना आता ती चालवते. पेशंट म्हणतात, हात फार हलका आहे. त्यांना तिचं बालपण माहीत नाही.

बाबा निवृत्त झाले. एकदा ते दूरच्या शहरात लिफ्टमध्ये शिरले आणि समोरच्या अनोळखी तरुणाला म्हणाले, "जरा बाजूला व्हाल का?" त्यांना तेव्हा सर्दी झाली होती आणि आवाज नेहमीपेक्षा जाड लागला होता. तरुणाचा चेहरा पांढरा पडला आणि तो पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेला. बाबा अजूनही विचारतात, मी त्याला दुखावलं तर नाही ना?

धाकटी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिथे ती कपडे फडकवायचं काम करते. पगार घेऊन! ही गोष्ट सुईकाकू प्रत्येकाला दोनदा सांगतात.

मालकीणबाईंनी तो कोट शेवटपर्यंत वापरला. शेवटच्या वर्षी त्या फार बारीक झाल्या होत्या. कोट आत घ्यायला त्यांनी पाठवला तेव्हा सुईकाकूंनी तो रात्र होईपर्यंत नुसता मांडीवर घेऊन ठेवला, आणि मग इतकी बारीक टीप घातली, की त्यांच्या अंगावर तो पुन्हा पहिल्यासारखा झुलावा. झुललाही. मालकीणबाई झोपेतच गेल्या. खोली सुईकाकूंकडेच राहावी, असं त्या भाच्याला सांगून गेल्या होत्या. 'बघू' न म्हणता.

आणि गेल्याच महिन्यात धाकटीच्या मुलीने इंटरनेटच्या कुठल्याशा अडगळीतून तो मॉड शोधून काढला. त्याखाली अजूनही कुणी कुणी लिहीत असतं, जांभळीला हरवायचं कसं? आणि खाली दुसरं कुणीतरी उत्तर देतं, नाही हरवता येत, दुसऱ्या रस्त्याने जा. ते उत्तर वाचून बाबा म्हणाले, "मी हेच म्हणत होतो!"

सुईकाकू आता ऐंशीच्या घरात आहेत. नातीने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि भिंग हातात दिलं. मालकीणबाई पाठमोऱ्या चालत निघाल्या. ताठ मान, उभी कॉलर, घोट्यावर झुलणारा जांभळा कोट. धाकटीचे डोळे पाणावले. नात आजीचा हात धरून बसली. आता आजी रडणार, असं सगळ्यांना वाटलं.

सुईकाकूंनी भिंग पडद्याला टेकवलं. मग गळ्यातली टेप काढून तीही टेकवली.

"अरे देवा," त्या शेवटी म्हणाल्या. "डावी बाही बोटभर लांब झालीय! आणि हे मी जगभर दाखवलं?"